नाव पटावरून काढू नका : विस्थापित मुलांच्या वर्गावर नव्याने येणाऱ्या शिक्षकांसाठी

गोवंडी, मानखुर्द, वाशीनाका, चिता कॅम्प, माहुल, चांदिवली. मुंबईतल्या या वस्त्यांपैकी एखाद्या ठिकाणच्या शाळेत तुमची नेमणूक झाली असेल, किंवा एखाद्या संस्थेतर्फे बांधकामाच्या साइटवर वर्ग घ्यायला तुम्ही निघाला असाल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. मी या पट्ट्यात एकोणीस वर्षं शिकवते. पहिल्या वर्षी कोणी शेजारी बसवून एवढं सांगितलं असतं, तर तीन-चार मुलं तरी माझ्या हातून सुटली नसती. त्यांची नावं मला अजून आठवतात.

वर्गात जाण्याआधी आजूबाजूला फिरा

डी.एड., बी.एड.मध्ये आपल्याला वर्ग शिकवतात, वस्ती शिकवत नाहीत. म्हणून पहिल्या आठवड्यात शाळा सुटल्यावर अर्धा तास काढा आणि शाळेच्या शिपायाला, खिचडी वाढणाऱ्या ताईंना, समोरच्या झेरॉक्सवाल्याला विचारा की इथे कोण कुठून आलं. या माणसांना मुख्याध्यापकांपेक्षा जास्त माहीत असतं.

तुम्हाला कळेल की इथली प्रत्येक वस्ती कुठून तरी उठून आली आहे. चिता कॅम्प मे १९७६ मध्ये वसला. भाभा अणुसंशोधन केंद्रासाठी जनता कॉलनी पाडली आणि हजारो माणसांना ट्रॉम्ब्याच्या खाडीकाठी आणून टाकलं. आज तिथे शिकणारी मुलं त्या माणसांची नातवंडं-पतवंडं आहेत आणि आजीच्या तोंडून त्यांनी तो दिवस ऐकलेला असतो. चांदिवलीचं संघर्ष नगर राष्ट्रीय उद्यानातून हलवलेल्या कुटुंबांचं. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमधल्या इमारतींत रेल्वेच्या कडेची, रस्तारुंदीत गेलेली घरं आली. माहुलला तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्यांतली माणसं पाठवली. तिथल्या रिफायनऱ्यांमुळे होणाऱ्या प्रदूषणाचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

आणि मुंबईला हे नवं नाही. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना ठेवलं, १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. सायन कोळीवाड्यात पंजाबी आले, चेंबूर आणि मुलुंडला सिंधी वसाहती उभ्या राहिल्या. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक सगळं मागे ठेवून इथे आले आणि १९४८ मध्ये त्यांनी जय हिंद कॉलेज सुरू केलं. सिंधमधल्या हैदराबादचं नॅशनल कॉलेज १९४९ मध्ये वांद्र्यात पुन्हा सुरू झालं. शिक्षक स्वतःच निर्वासित होते, डोक्यावर धड छप्पर नव्हतं, आणि तरी त्यांनी पहिल्या एक-दोन वर्षांत वर्ग भरवला. मी थकते तेव्हा त्यांची आठवण काढते.

एवढं समजलं की आपल्या वर्गातल्या मुलांकडे पाहा. 'विस्थापित' या एका शब्दाखाली फार वेगवेगळी मुलं येतात. घर पाडलं पण बदल्यात खोली मिळाली, असं एक मूल. पाडलं आणि काहीच मिळालं नाही, त्याच गटाराच्या पलीकडे पुन्हा ताडपत्री टाकली, असं दुसरं. मराठवाड्यातून दुष्काळात आलेलं, पाऊस पडला की परत जाणारं तिसरं. टॉवर उभा राहिला की पुढच्या टॉवरवर जाणारं चौथं. गावातल्या मारामारीमुळे रातोरात निघून आलेलंही एखादं असतं, आणि त्याच्या घरचे ते कोणालाच सांगत नाहीत. शिकवण्याच्या दृष्टीने मी सगळ्यांच्या बाबतीत मनाशी एकच प्रश्न विचारते : हे मूल मार्चमध्ये इथे असेल का? उत्तरावर माझं वर्षाचं नियोजन ठरतं. ज्याच्याकडे चारच महिने आहेत त्याला मी वाचायला शिकवते, बाकी सगळं मागे ठेवते.

कायद्याची चार कलमं पाठ करा

हे रुक्ष वाटेल, पण इथेच सर्वांत जास्त मुलं गळतात. शाळेत यायच्या आधीच, ऑफिसच्या खिडकीपाशी.

चित्र नेहमीचं आहे. नोव्हेंबर महिना. आई दोन मुलांना घेऊन उभी. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात रेशनकार्डाची झेरॉक्स, लाइटबिल, कुणाचं तरी आधार. जन्मदाखला नाही. आधीच्या शाळेचा दाखला नाही. खिडकीतून उत्तर येतं, "दाखला घेऊन या, मग बघू." ती बाई परत येत नाही. दाखल्यासाठी परभणीला जायचं म्हणजे तीन दिवसांची मजुरी आणि गाडीभाडं, आणि गेल्यावर तिथले गुरुजी भेटतीलच याची खात्री नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्यातलं कलम ५ सांगतं की शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही, आणि दाखला द्यायला उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कलम १४ म्हणतं, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही. कलम १५ प्रमाणे वर्ष सुरू झाल्यावर आलेल्या मुलालाही घ्यायचं. आणि कलम ४ : मूल कधीच शाळेत गेलं नसेल किंवा मध्येच सुटलं असेल तर त्याला वयानुसार वर्गात बसवायचं आणि बरोबरीला आणण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं. हे प्रशिक्षण किमान तीन महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं. अशा मुलाचं प्राथमिक शिक्षण चौदा वर्षं ओलांडल्यावरही मोफतच पूर्ण करून द्यायचं असतं, हे बऱ्याच शाळांना माहीत नसतं.

ही चार कलमं एका कार्डावर लिहून पर्समध्ये ठेवा. ऑफिसमधल्या माणसाशी भांडू नका, कार्ड दाखवा. भांडलात तर तो पुढच्या वेळी तुम्हाला टाळून आईला परत पाठवेल. मी एकदा भांडले होते आणि नेमकं तेच झालं.

आणखी एक गोष्ट, जपून सांगते. घटनेच्या २१-क या कलमात सहा ते चौदा वयाची 'सर्व मुलं' म्हटलं आहे. शिक्षण हक्क कायद्यातही 'मूल' म्हणजे त्या वयाचं मूल, एवढंच. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही, पण वर्गाचं दार उघडायला त्याची गरजही नाही. तुमच्या वर्गात बंगाली बोलणारी मुलं असतील. त्यांतली बरीच पश्चिम बंगालमधल्या मालदा-मुर्शिदाबादकडची असतात आणि भाषेवरून त्यांना रस्त्यात रोज काही ना काही ऐकावं लागतं. त्यांना "तुम्ही नक्की कुठले?" असं विचारू नका, सहज म्हणूनही नाही. तो प्रश्न विचारणारी माणसं त्यांनी पाहिलेली आहेत. आपण त्यांच्यासारखं दिसायचं नाही.

प्रवेश झाला की त्याच दिवशी आधीच्या शाळेचा नंबर शोधून फोन लावा. सरल आणि यू-डायस या सरकारी ऑनलाइन नोंदींत मुलाचा जुना आयडी किंवा पेन नंबर (विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक) सापडला तर अर्धं काम होतं, नाहीतर एकाच मुलाची दोन-तीन नावं तयार होतात आणि पुढे दहावीच्या फॉर्मच्या वेळी ते मूल अडकतं. वडिलांच्या नावाचं स्पेलिंग आधारशी जुळवून घ्या. कंटाळवाणं काम आहे. करा.

पहिला दिवस

मुलाला सगळ्यांसमोर उभं करून "नाव सांग, गाव सांग" करायचं नाही. शेवटच्या बाकावरही बसवायचं नाही. मी नव्या मुलासाठी दुसऱ्या रांगेत भिंतीकडची जागा ठेवते, म्हणजे पाठीमागे कोणी येत नाही आणि दार दिसतं. बाकाच्या कोपऱ्यावर खडूने त्याचं नाव लिहिते. "ही तुझी जागा. तू आला नाहीस तरी तुझीच." हे वाक्य मी प्रत्येकाला म्हणते आणि ते पाळते. ज्याच्या घराची जागा काल होती आणि आज नाही, त्याच्यासाठी बाकाची दीड फूट फळी ही मोठी गोष्ट असते.

नाव आईला विचारून घ्या. कागदावर एक असतं, घरात दुसरं. घरातलं नाव आपल्याला माहीत असावं, हाक मात्र त्याला हवी त्या नावाने मारावी.

मग संडास दाखवा, स्वतः जाऊन. कुठला मुलींचा, कडी कशी लागते, पाणी कुठे असतं. सार्वजनिक संडासाला पैसे मोजणाऱ्या मुलांना शाळेतला फुकट असतो हे सांगावं लागतं. काही मुली दिवसभर धरून ठेवतात, पोट दुखतं म्हणून रडतात आणि आपण समजतो अभ्यास नको आहे. नंतर पिण्याच्या पाण्याचा नळ, मग खिचडीची रांग. त्याच भाषेचं एखादं मूल सोबत द्या, आठवडाभर. त्या सोबत्याला वर्गात काही पद देऊ नका, नाहीतर तो मुकादम होतो.

पालिकेच्या शाळेत गणवेश, दप्तर, बूट, वह्या अशा २७ वस्तू मिळतात, पण त्यांची मोजणी जूनच्या पटावर होते. नोव्हेंबरात आलेल्याला "पुढच्या वर्षी" ऐकावं लागतं. मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवा. जी मुलं सोडून गेली त्यांचे राहिलेले संच कपाटात असतात, कधी शिल्लकही असते. गणवेश पहिल्या आठवड्यात अंगावर आला तर मूल टिकतं. हा माझा अनुभव आहे, आणि इथल्या जुन्या बाईंचाही.

'माझे घर'

दुसऱ्या वर्षी मी तिसरीच्या वर्गाला निबंध दिला, 'माझे घर'. पुस्तकात होता, म्हणून दिला. आदल्या महिन्यात आमच्या मागची वस्ती तुटली होती, आणि मला ते माहीत होतं. डोक्यात दोन गोष्टी जोडल्याच गेल्या नाहीत. एका मुलीने हात वर करून विचारलं, "बाई, कुठलं?" मी म्हटलं, तुझं गं. ती म्हणाली, "हो, पण कुठलं?" तिला खरंच कळत नव्हतं : तुटलेलं, मामाकडचं, की पुलाखालचं. तिच्या भावाने लिहिलं काहीच नाही, चित्र काढलं. पानभर एक निळा ड्रम. पाण्याचा. बुलडोझर आला तेव्हा घरातून एवढंच बाहेर काढता आलं होतं, तो ड्रम आणि कागदांची पिशवी.

मी त्या दिवशी दोघांनाही "पूर्ण करा" म्हटलं. आज लिहितानाही मला ते टोचतं.

तेव्हापासून माझे विषय बदलले. माझे घर, माझे गाव, माझी सुट्टी, माझे कुटुंब, वाढदिवस कसा साजरा केला, हे विषय मी देत नाही. त्याऐवजी 'मला येणारं एक काम', 'आमच्याकडे चहा कसा करतात', 'मी पाहिलेली सर्वांत मोठी गाडी', 'लोकलमधला आवाज'. ज्याला घराबद्दल लिहायचं आहे तो चहाच्या निबंधातही घर आणतो. ज्याला नाही त्याची सुटका होते. पुस्तकातला पाठ टाळता येत नाही तेव्हा चिमणीचं घर, मुंगीचं घर असं वळवून घेते.

मूल स्वतःहून सांगायला लागलं तर मात्र हातातला खडू खाली ठेवा आणि ऐका. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, तिचा गाभा तीन शब्दांत आहे : बघा, ऐका, जोडून द्या. खोदून विचारू नका. "सगळं ठीक होईल" म्हणू नका, कारण घर परत मिळेल की नाही हे तुमच्या हातात नाही आणि मूल तुमचं वाक्य लक्षात ठेवतं. "तू सांगितलंस, बरं केलंस. उद्या मी इथेच आहे," एवढं म्हणता येतं, आणि मग उद्या रजा घ्यायची नाही.

त्रास कसा दिसतो

नव्या शिक्षकांना वाटतं की दुःखी मूल रडेल. बहुतेक वेळा ते झोपतं. दुपारी बाकावर डोकं टेकून गाढ. पुलाखाली रात्री झोप लागत नाही, डास, गाड्या, पोलिसांची भीती. मी अर्धा तास झोपू देते. काही मुलं खिचडी खात नाहीत, डब्यात भरतात. धाकट्यासाठी नेतात. ओरडू नका, ताईंना सांगून एक डाव जास्त घाला. काही चावतात, ढकलतात, पेन्सिली लपवतात. शेजारी कुठे ड्रिलिंग सुरू झालं, रस्त्यावर जेसीबी आला की एखादं मूल बाकाखाली जातं किंवा थेट दाराकडे पळतं. शाळेत रंगकाम, तोडफोड, मॉक ड्रिल असेल तर मुलांना आदल्या दिवशी सांगा आणि त्या मुलाला वेगळं, शांतपणे सांगा.

औषध म्हणाल तर दिवसाचा क्रम. प्रार्थना, हजेरी, गोष्ट, गणित, खिचडी, रोज त्याच क्रमाने. माझ्या वर्गात गोष्ट रोज हजेरीनंतरच असते, पाऊस असो की तपासणी. ज्याच्या आयुष्यात उद्याचं काही ठरलेलं नाही, त्याला हजेरीनंतर गोष्ट येणार हे माहीत असणं पुष्कळ असतं. छडी, कान, अंगठे धरून उभं करणं कलम १७ ने बंद आहेच. कायदा नसता तरी या मुलांवर हात उचलू नये.

पंधरा दिवसांत फरक पडला नाही, मूल बोलणंच बंद झालं, स्वतःला इजा करायला लागलं, तर एकट्याने ओझं उचलू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं आणि शिक्षकानेही फोन करावा. मूल धोक्यात असेल, हरवलं असेल, कामाला जुंपलं असेल तर १०९८. ही चाइल्डलाइन १९९६ मध्ये इथेच देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाली. घर तुटल्यावर सात-आठ माणसं एका ताडपत्रीखाली झोपतात, ओळखीचे-अनोळखी एकत्र येतात. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणून आपली जबाबदारी संपत नाही.

शिकवायचं कसं

पहिल्या तीन दिवसांत प्रत्येक नव्या मुलाचं वाचन एकट्यात तपासा. व्हरांड्यात, खाली बसून. अक्षर ओळखतं का, शब्द वाचतं का, चार वाक्यांचा परिच्छेद, मग छोटी गोष्ट. १९९५ मध्ये मुंबईतूनच सुरू झालेल्या प्रथम संस्थेने ही पद्धत रुळवली : इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट करायचे आणि रोज ठरलेला वेळ त्या गटात शिकवायचं. ती चालते. फक्त एक काळजी घ्या. बारा वर्षांच्या मुलाला अक्षरगटात सहा वर्षांच्यांबरोबर बसवू नका. तो दोन दिवसांत नाक्यावर परत जाईल. त्याला अक्षरं शिकवायची, पण त्याच्या वयाच्या शब्दांतून : नाका, रिक्षा, सिमेंट, मजुरी, मोबाईल. 'कमळ' आणि 'बदक' त्याला अपमानाचे वाटतात.

गणितात ही मुलं तुम्हाला चकित करतील. भंगार वेचणाऱ्या एका मुलीला मी दशांश अपूर्णांक शिकवत होते, फळ्यावर, तिला काही केल्या जमेना. मग मी विचारलं, पत्रा काय भाव? तिने भाव सांगितला. पावणेतीन किलोचे किती? क्षणात उत्तर. साडेतीनशे ग्रॅम तांब्याचे? तेही. तिला दशांश येत होता, चिन्ह येत नव्हतं. आठवडाभर आम्ही भंगाराच्या दुकानाचा हिशेब वहीत लिहिला आणि टिंब कुठे द्यायचं ते तिला समजलं. गजरे विकणाऱ्याला बाराचा पाढा येतो. बिगाऱ्याच्या पोराला ब्रास आणि घनफूट कळतात. या मुलांना 'मागे पडलेली' म्हणायची सवय आपल्यात फार आहे. त्यांचं शिक्षण तुटलं होतं, डोकं चालूच होतं. कुठे तुटलं ते शोधायचं आणि तिथून गाठ मारायची.

भाषेचं म्हणाल तर मुंबई महानगरपालिका आठ माध्यमांत शाळा चालवते : मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड. पण तुमच्या मराठी वर्गात लमाण तांड्यावरचं मूल असेल, पारधी असेल, वडार असेल, घरात भोजपुरी बोलणारं असेल. त्यांच्या घरच्या दहा शब्दांनी सुरुवात करा. आई, भाकरी, पाणी, दुखतंय, भूक, भीती, घर, ये, थांब, शाबास. तो शब्द मुलाकडून शिकायचा, वहीच्या मागच्या पानावर लिहायचा आणि चुकीचा उच्चार करून त्याला आपल्याला दुरुस्त करू द्यायचं. एका लमाण मुलाने मला 'याडी' शिकवलं. त्याच्या बोलीत आई. मी त्याच्या आईला पहिल्यांदा "याडी कशी आहे?" विचारलं तेव्हा ती तोंडावर पदर घेऊन हसली आणि दुसऱ्या दिवसापासून धाकटीलाही पाठवायला लागली.

साइटवर वर्ग घेणाऱ्यांसाठी : तुमच्याआधी हे काम केलेली माणसं शहरात आहेत. मुंबई मोबाइल क्रेशेस १९७० च्या दशकापासून बांधकामावरच्या मुलांसाठी काम करते, डोअरस्टेप स्कूल १९८८ पासून आहे, बसमधली शाळाही त्यांनीच रस्त्यांवर आणली. त्यांच्या एखाद्या वर्गात जाऊन दिवसभर बसा. मी चार दिवस बसले होते, वर्षभर पुरलं.

पालकांशी बोलताना

सकाळी दहाची पालकसभा म्हणजे आईची मजुरी बुडवणं. संध्याकाळी सात नंतर किंवा रविवारी सकाळी पाण्याच्या वेळेआधी. वस्तीत पहिल्यांदा एकट्याने जाऊ नका, जुन्या बाईंना किंवा तिथल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याला बरोबर घ्या. घराचे, मुलांचे फोटो काढू नका. घर तुटलेल्या माणसाला मोबाईल वर केलेला दिसला की पाडकामाआधीचा सर्व्हे आठवतो. घर मिळवून देण्याबद्दल अवाक्षर काढू नका. आत बोलावलं तर बसा, चहा दिला तर प्या. कुणाच्या घरी टीबीचं औषध चालू असेल तर मुलाच्या गैरहजेरीचं कारण तिथेच सापडतं. दाटीवाटीच्या, उजेड-वारा नसलेल्या इमारतींत हा आजार फार आहे.

बाप म्हणेल, "बाई, घराचंच खरं नाही, शाळेचं काय घेऊन बसलात." यावर शिक्षणाचं महत्त्व सांगणारं भाषण देऊ नका. त्याला ते ठाऊक आहे. मी म्हणते, "दादा, सकाळी साडेसात ते साडेबारा पोरगं सुरक्षित आहे, एक वेळ जेवतंय. तुम्ही निवांत कामाला जा." हे त्याला पटतं, आणि ते खरंही आहे.

वस्ती तुटते त्या वेळी

नोटीस लागली की वस्तीत कुजबुज सुरू होते आणि मुलं आपल्याला आधी सांगतात. त्याच दिवशी मुलांच्या कागदपत्रांच्या झेरॉक्स मागवून शाळेच्या कपाटात ठेवा. जन्मदाखला, आधार, गुणपत्रक. लल्लूभाईत राहणाऱ्या एका माजी विद्यार्थिनीला पुनर्वसनातल्या खोलीच्या पात्रतेसाठी शाळेचा जुना पुरावा उपयोगी पडला होता, म्हणून जनरल रजिस्टरमधला पत्ता नीट लिहा. 'झोपडपट्टी' लिहून मोकळे होऊ नका. गल्ली, चाळ, खोली क्रमांक, जे असेल ते.

पाडकाम झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेआधी तिकडे जा. माणसं सामान राखत रस्त्याच्या कडेला बसलेली असतात. मुलांना नावाने हाक मारा आणि सांगा, "शाळा चालू आहे. वही नसली तरी चालेल, गणवेश नसला तरी चालेल, ये." वर्गात वह्या-पेन्सिलींचे पाच-सहा संच कायम तयार ठेवा. घर ज्या दिवशी तुटतं त्या दिवशी दप्तर आतच राहतं.

दूर पाठवलेल्यांचं वेगळं दुखणं आहे. माहुलला गेलेल्या कितीतरी कुटुंबांनी मुलांना जुन्याच शाळेत ठेवलं, कारण वर्ष मध्यावर आलं होतं. रोज दोन बस, उशीर, प्रवासाचे पैसे. अशा मुलाला उशिरासाठी बाहेर उभं करू नका. पहिल्या तासाचा बुडालेला अभ्यास त्याला शेवटी द्या.

मूल दिसेनासं झालं की

इथे मी या लेखाच्या नावाशी येते. सलग गैरहजेरी झाली की पट स्वच्छ करायचा आग्रह होतो. नाव खाली सरकवा, 'कायम गैरहजर' लिहा, काढून टाका. कायद्याच्या कलम १६ ने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. दुसऱ्या शाळेत दाखल झाल्याचं कळेपर्यंत नाव राहू द्या आणि रोज हजेरी घेताना ते नाव मोठ्याने वाचा. वर्गातली मुलं सांगतात : "बाई, तो कळंबोलीला गेला." "बाई, तिची मावशी शिवाजीनगरात आहे." अशा एका-एका वाक्यावरून मी सात मुलं शोधून परत आणली आहेत. ज्यांची नावं पहिल्या वर्षी वरून सांगितल्याबरोबर मी खोडली, त्यांतलं एकही सापडलं नाही. तुमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, बालरक्षक म्हणून शाळाबाह्य मुलांसाठी काम करणारे शिक्षक असतील, त्यांना ही माहिती द्या. दुसऱ्या जिल्ह्यातल्या बालरक्षकाशी ते बोलू शकतात.

आधी कळलं की कुटुंब निघणार आहे, तर ती संधी सोडू नका. दिवाळी झाली की कोणाचे वडील ऊसतोडीला जाणार, कुठला टॉवर पूर्ण होत आला, हे विचारत राहा. दाखला त्याच दिवशी तयार करून द्या. हंगामी जाणाऱ्यांसाठी शिक्षण हमी कार्ड भरून द्या, ते दाखवून दुसऱ्या शाळेत लगेच बसता येतं. आईला समोर बसवून कार्ड काय आहे ते समजावा, नाहीतर ते पिशवीतच राहतं.

आणि पुढच्या शिक्षकासाठी एक चिठ्ठी लिहा. अर्धं पान, जास्त नको. मी साधारण असं लिहिते : "परिच्छेद वाचतो, गोष्टीपाशी अडतो. तोंडी हिशेबात हुशार, लिहायला घाबरतो. मोठा आवाज झाला की दाराकडे पळतो, हाक मारली की परत येतो. भिंतीकडे बसवावं. धाकटी बहीण बरोबर असते, तिलाही बसू द्यावं. घरी त्याला दुसऱ्या नावाने हाक मारतात, त्यालाच विचारा." खाली माझं नाव आणि फोन नंबर. मोठ्या अक्षरात लिहा, बॉलपेनने, शाईपेनाने नको. मग चिठ्ठी आणि दाखला दोन्ही एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून तोंड चिकटपट्टीने बंद करा. पाऊस लागतो, आणि ती आईच्या कागदांच्या पिशवीतच जाणार असते.